टाचणी मोडीत काढायची घाई कशाला?

मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दल हल्ली एक मत मोठ्या खात्रीने मांडलं जातं. वैद्यकीय परिषदांत ते ऐकू येतं, यंत्रांच्या जाहिरातीत दिसतं आणि अपघात विभागाबाहेरच्या बाकड्यांवरही कानी पडतं. टाचणी टोचून ‘कळतंय का’ विचारायचं, कापसाचा बोळा फिरवायचा, अंगठा हलवायला सांगायचा आणि त्यावरून दुखापत किती गंभीर ते ठरवायचं, ही म्हणे जुनी रीत झाली. आता एमआरआय आहे. त्यात मज्जारज्जू आतून दिसतो, तेव्हा तीव्रताही त्यातच बघावी. या मताची पुढची पायरीही तयार आहे: उद्या चित्र वाचायला डॉक्टरसुद्धा लागणार नाही, संगणकच श्रेणी सांगून मोकळा होईल.

एमआरआयशी माझं वैर नाही. मज्जारज्जूवर हाडाचा तुकडा रुतलाय का, चकती मागे सरकून दाब देतेय का, आत रक्तस्राव झालाय का, शस्त्रक्रिया पुढून करायची की मागून, या प्रश्नांना इतकं चांगलं उत्तर देणारं दुसरं साधन आज नाही. माझा आक्षेप त्याच्या अहवालाला निकालपत्र समजण्यावर आहे. दुखापत कुठे झाली आणि कशाने झाली, हे चित्र सांगतं. ती किती झाली, हे रुग्णाचं शरीर सांगतं, आणि ते समजून घ्यायला तपासणारा हात लागतो.

‘किती’ हे मोजायची पद्धत काय आहे, ते आधी पाहू. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये पाच श्रेणींची वर्गवारी मांडली. अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनने १९८२ मध्ये आपली मानकं प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये फ्रँकेलच्या श्रेणींच्या जागी आज वापरात असलेल्या ए ते ई या श्रेणी आणल्या. तपासणी अशी: अंगाच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी हलका स्पर्श आणि टाचणीची टोच, दर ठिकाणी ० ते २ गुण. प्रत्येक बाजूचे १० ठरावीक स्नायू, प्रत्येकाला ० ते ५ गुण. स्नायूंचे एकूण १००, स्पर्शाचे ११२, टोचेचे ११२. सगळ्यात शेवटी गुदद्वाराची तपासणी: तिथे स्पर्श कळतो का, आत बोटाचा दाब जाणवतो का, सांगितल्यावर आवळता येतं का. यांतलं काहीच नसेल तर श्रेणी ए. खाली संवेदना आहे पण हालचाल नाही, तर बी. हालचाल आहे पण बहुतेक स्नायू दुबळे, तर सी. निम्मे किंवा अधिक स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतात, तर डी. सगळं पूर्ववत झालं, तर ई.

गुदद्वाराच्या तपासणीवर एवढा भर का, हे न कळल्यामुळेच पुष्कळ गोंधळ होतो. पाठीच्या अगदी खालच्या भागाकडून येणाऱ्या संवेदनांचे तंतू मज्जारज्जूच्या कडेने जातात. मधला भाग चेचला गेला तरी कडेचे काही तंतू तगू शकतात. ते तगलेत की नाही, याचा पत्ता मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशीच लागतो. कालव्याचं उदाहरण घ्या. वरून काढलेल्या छायाचित्रात कालवा कुठे फुटलाय, कुठे गाळ साचलाय हे स्पष्ट दिसेल. पण पाणी टेलपर्यंत पोचतं की नाही, हे टेलच्या वावरात उभं राहूनच कळतं. एक थेंब जरी पोचत असला तरी कालवा मेलेला नाही.

आणि नेमकी हीच तपासणी टाळली जाते. केसपेपरवर ‘पीआर डिफर्ड’, म्हणजे गुदद्वाराची तपासणी नंतर, एवढा शेरा पडतो आणि रुग्ण एमआरआयला रवाना होतो. संकोच असतो, रुग्ण स्त्री असेल तर अधिक. आडोसा करून, परवानगी घेऊन, जवळच्या बाईमाणसाला बरोबर ठेवून ही तपासणी करता येते, पण त्याला वेळ लागतो. संपूर्ण तपासणीला अर्धा-पाऊण तास सहज जातो, ती शिकावी लागते, आणि तिचं वेगळं बिल होत नाही. एमआरआयचं होतं. टाचणी मागे पडण्यामागे विज्ञानाची प्रगती किती आणि ही व्यवस्था किती, याचा हिशेब चित्रवाद्यांनी एकदा प्रामाणिकपणे मांडावा.

आता त्यांचे मुद्दे एकेक घेऊ.

पहिला मुद्दा: चित्र वस्तुनिष्ठ असतं, तपासणी तपासणाऱ्यावर अवलंबून असते. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण चित्र कधी काढलं, यावर त्यात काय दिसणार हे अवलंबून असतं. मानेच्या ज्या दुखापतींत हालचाल पूर्ण गेलेली असते, अशा रुग्णांच्या लागोपाठच्या एमआरआय तपासून अमेरिकेतल्या आराबी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मज्जारज्जूतला बाधित भाग सुरुवातीला तासाला सुमारे ०.९ मिलिमीटर वेगाने लांबत जातो. म्हणजे सहाव्या तासाला काढलेलं चित्र आणि तिसाव्या तासाला काढलेलं चित्र यांत दोनेक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. गडचिरोलीहून नागपूरला पोचायला ज्याला रात्र लागली, त्याचं चित्र शहरातल्या माणसाच्या चित्रापेक्षा वाईट दिसेल; ते दुखापतीमुळे की प्रवासातल्या तासांमुळे, हे चित्र सांगत नाही. तपासणीतही पहिल्या काही तासांत घोळ होतो, हे खरं. स्पायनल शॉकमध्ये प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडतात, माणूस घाबरलेला असतो, वेदनाशामकांच्या गुंगीत असतो. म्हणून तर ७२ तासांच्या सुमारास पुन्हा तपासा असं सांगतात. पुन्हा तपासायला फक्त टाचणी, कापूस आणि अर्धा-पाऊण तास लागतो. दर काही तासांनी एमआरआय कोण काढणार?

शिवाय चित्रात दिसणारी प्रत्येक विकृती अपघाताचीच असते असं नाही. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेची एमआरआय काढली. ८७.६ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळली, ५.३ टक्क्यांत मज्जारज्जूवर दाबही दिसला. ही माणसं चालतीफिरती होती. आता पासष्टीचे आजोबा स्कूटरवरून घसरले, त्यांच्या एमआरआयमध्ये दाब दिसला. तो कालचा की दहा वर्षांपूर्वीचा? याच आजोबांना सेंट्रल कॉर्ड सिंड्रोमही असू शकतो. श्नायडर यांनी १९५४ मध्ये वर्णन केलेल्या या प्रकारात हाड न मोडताही हात पायांपेक्षा जास्त दुबळे होतात. आजोबा वॉर्डात चालत जातात, पण शर्टाचं बटण लावता येत नाही. हा फरक मुठीची ताकद तपासल्यावर दोन मिनिटांत कळतो.

दुसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: चित्र भविष्य सांगतं. यातला खरा भाग मान्य केला पाहिजे. २००७ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ नियतकालिकात मानेच्या दुखापतीच्या १०० रुग्णांचा अभ्यास आला. मज्जारज्जूच्या आतला रक्तस्राव आणि सूज यांचा पुढच्या सुधारणेशी संबंध त्यात स्पष्ट दिसला; रक्तस्राव असेल तर सुधारणेची आशा कमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये आडव्या छेदावरून ० ते ४ गुण देणारी ‘बेसिक’ पद्धत मांडली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त झुरिक, म्यूर्नाऊ आणि डेन्व्हर इथल्या रुग्णांवरचं संशोधन आलं: जखमेच्या पुढे-मागे शाबूत राहिलेल्या ऊतीच्या पट्ट्या मोजल्या तर सुधारणेचा अंदाज अधिक नेमका येतो. हे सगळं मोलाचं काम आहे.

पण हे संशोधन वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. ‘बेसिक’चे गुण बरोबर आहेत, हे कशावरून ठरवलं? दाखल होताना आणि घरी जाताना रुग्णाची ए ते ई यांपैकी कोणती श्रेणी होती, त्यावरून. त्या १०० रुग्णांच्या चित्रांतल्या खुणा कशाशी ताडून पाहिल्या? हातांनी केलेल्या तपासणीशी. ऊतीच्या पट्ट्यांनी कशाचा अंदाज अधिक नेमका केला? स्नायूंच्या आणि टोचेच्या गुणांचा. चित्रावरून काढलेलं प्रत्येक माप टाचणीच्या मापाशी जुळतं का, हे पाहूनच खरं किंवा खोटं ठरतं. मग ज्या मापाने तुमची फूटपट्टी तपासली, तेच माप जुनाट म्हणून फेकून द्यायचं, हा कुठला न्याय? शिवाय त्या ऊतीच्या पट्ट्या नीट दिसतात दुखापतीनंतर सुमारे महिन्याने, सूज उतरल्यावर. पहिल्या रात्रीच्या फिल्मवर त्यांचं भाकीत करता येत नाही.

आणि भविष्याचीच गोष्ट असेल तर एक नियम सांगायलाच हवा. २०११ मध्ये व्हान मिडेंडॉर्प आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या रुग्णांच्या आधारे, वर्षभराने रुग्ण स्वतः चालू शकेल का, याचा अंदाज देणारा नियम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ४९२ रुग्णांच्या माहितीवर उभा असलेला हा नियम पाच गोष्टी विचारतो: वय पासष्टच्या आत की पुढे, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, पोटरीची ताकद, आणि पायावरच्या दोन ठिकाणी स्पर्श कळतो का. एमआरआयचं नावही त्यात नाही, आणि तरी नियमाची अचूकता विलक्षण होती. मधल्या बी आणि सी श्रेणींत तो कमी पडतो, हे नंतरच्या तपासण्यांत दिसलं आहे. तिथे चित्राची भर घालावी, जरूर घालावी. पण ती भर आहे, पाया नव्हे. २०१७ मध्ये एओ स्पाइन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी शस्त्रक्रियेआधी शक्य असेल तर एमआरआय काढावी असं सुचवलं, तेव्हा पुरावा अगदी कमकुवत दर्जाचा आहे असंही तिथेच नोंदवलं. चित्राचा पुरस्कार करणारेच जिथे एवढं जपून बोलतात, तिथे बाकीच्यांनी निकाल लावायची घाई करू नये.

तिसरा मुद्दा: बेशुद्ध माणसाला टाचणी टोचून काय कळणार? काहीच नाही. इथे मी पूर्णपणे चित्रवाद्यांच्या बाजूला आहे. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेला, व्हेंटिलेटरवर झोपवून ठेवलेला, दारूच्या अमलाखालचा माणूस, बोलता न येणारं लहान मूल, यांच्याबाबत चित्रावाचून गत्यंतर नाही. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर यांनी एक्सरे स्वच्छ असूनही पाय गेलेल्या मुलांचं वर्णन केलं. त्यांच्या मज्जारज्जूला इजा होती हे एमआरआय आल्यावर डोळ्यांनी दिसू लागलं. पण त्यातून निघणारी शिकवण नीट पाहा. ती मुलं पांगळी झालीत, हे तपासणाऱ्याने ओळखलं होतं; त्या काळचं चित्र ‘सगळं ठीक’ म्हणत होतं. एमआरआय कुणाची काढायची हे ठरवायलाही हातच लागतो. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या नेक्सस अभ्यासात ३४,०६९ रुग्ण होते. मानेच्या मध्यरेषेवर दुखतं का, हातापायांत काही कमजोरी आहे का, शुद्ध आहे का, नशा आहे का, लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी जखम आहे का, या पाच प्रश्नांवर कुणाला चित्राची गरज नाही हे विश्वासाने सांगता येतं, हे त्याने सिद्ध केलं.

उपचारातही हाच क्रम दिसतो. मानेचा सांधा निसटून मणका पुढे सरकला असेल, तर शुद्धीवरच्या रुग्णाच्या कवटीला चिमटे लावून, वजनं वाढवत वाढवत तो जागेवर आणतात. अमेरिकन न्यूरोसर्जन संघटनांच्या सूचना सांगतात की ज्याला तपासता येतं त्याच्या बाबतीत हे लवकर करा. ज्याला तपासता येत नाही त्याची आधी एमआरआय काढा. एकेक वजन वाढवताना डॉक्टर विचारत राहतात: बोटं हलवा, पाय हलवा, मुंग्या वाढल्या का? दाब लवकर काढण्याला किती महत्त्व आहे, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅसिस अभ्यासात दिसलं. ३१३ रुग्णांच्या त्या अभ्यासात २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दोन किंवा अधिक श्रेणी वर गेले. उशीर झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होतं. सुधारणा कशात मोजली? पुन्हा श्रेणींत. आणि श्रेणी कळायला पहिली तपासणी लिहिलेली असावी लागते.

महाराष्ट्रात नेमकं इथेच घोडं अडतं. आंब्याच्या फांदीवरून पडलेला, विहीर खोदताना दरड कोसळलेला, दहीहंडीच्या थरावरून आदळलेला तरुण आधी ग्रामीण रुग्णालयात पोचतो. तिथे एमआरआय नसते. टाचणी, कापूस आणि हात असतात. मान स्थिर ठेवून, ओंडक्यासारखा एकसंध वळवून त्याला तपासलं, कोणते स्नायू हलतात आणि शेवटच्या टोकाला संवेदना आहे का हे चिठ्ठीवर वेळेसह लिहिलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांना समजेल की वाटेत तो बिघडला की जसा होता तसाच आहे. ती नोंद नसेल तर पुढची लाखमोलाची फिल्म एका क्षणाचा फोटो एवढीच उरते.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते शब्दांतून. अहवालात ‘ट्रान्सेक्शन’ असा शब्द येतो, कुणीतरी ‘नस कट झालीय’ असं नातेवाइकांना सांगतं, आणि त्या घरातली आशा आणि खर्चाची तयारी दोन्ही संपतात. व्यायाम थांबतो, मूत्राशयाची निगा ढिली पडते, पाठीला जखमा होतात. मज्जारज्जूच्या रुग्णाचा जीव अनेकदा या जखमांच्या आणि मूत्रसंसर्गाच्या पायी जातो. प्रत्यक्षात ए श्रेणीतलेही काही रुग्ण वर्षभरात वर सरकतात, मानेच्या दुखापतीत जास्त, छातीच्या भागात कमी. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडले. २००२ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांचे स्नायूंचे गुण ० वरून २० वर गेले होते, श्रेणी ए वरून सी झाली होती, आणि ही सुधारणा दुखापतीनंतर पाच वर्षांनी सुरू झाली होती. ते चालू लागले नाहीत; तशी खोटी आशा कुणी विकू नये. पण पहिल्याच आठवड्यात दार बंद करण्याचा हक्क कुठल्याच चित्राला नाही.

इथे चित्रवादी उलट वार करतात: तपासणीही चुकते की. ए श्रेणी दिलेल्या काहींच्या मज्जारज्जूत जिवंत तंतू शिल्लक असतात. पर्थचे पॅथॉलॉजिस्ट काकुलास यांनी शवविच्छेदनांत ते पाहिलंय आणि लुईव्हिलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पाठीत बसवलेल्या विद्युत उत्तेजनाने चार जणांना स्वेच्छेने पाय हलवता आल्याचं दाखवलं. अगदी खरं. पण ए श्रेणी ‘मज्जारज्जू तुटला’ असं कधीच म्हणत नाही. ती आजच्या कार्याची नोंद आहे, आणि ती नोंद बदलू शकते हे तिच्यातच गृहीत आहे. त्या उरलेल्या तंतूंचा शोध लागला तो उत्तेजन दिल्यावर ‘हलवून बघा’ असं माणसाला सांगून.

राहिला संगणक. २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजी सोसायटीने मानेच्या सीटी स्कॅनमधले फ्रॅक्चर ओळखण्याची खुली स्पर्धा घेतली. हाड मोडलं का, हे ओळखायला संगणकाची मदत झाली तर उत्तमच; रात्री तीन वाजता थकलेल्या निवासी डॉक्टरला ती हवीच आहे. पण हाड मोडणं म्हणजे मज्जारज्जूची दुखापत नव्हे. संगणकाला तीव्रता शिकवायची तर हजारो चित्रांवर आधी कुणीतरी योग्य श्रेणी लिहून द्यावी लागेल. ती श्रेणी ‘पीआर डिफर्ड’वाल्या केसपेपरवरून आली, तर यंत्र आपलाच आळस शिकेल आणि तो दशांश चिन्हापर्यंत अचूक करून परत देईल.

म्हणून मागणी साधी आहे. एमआरआयच्या मागणीपत्रावर दुखापतीला किती तास झाले आणि श्रेणी काय, हे लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊ नये. रेडिऑलॉजिस्टच्या अहवालासोबत तपासणीचा तक्ता जोडलेला असावा, दोन्ही एकत्र वाचावेत. ७२ तासांनी पुन्हा तपासल्याशिवाय ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं घरच्यांना कुणी सांगू नये. वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी पुस्तकातून न शिकवता खाटेपाशी शिकवावी, आणि तिला लागणारा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जावा. हाजी अलीची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आणि खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून हेच काम करतात: माणूस काय करू शकतो यावरून पुढचा मार्ग ठरवतात.

ज्यांना टाचणी अजूनही जुनाट वाटते, त्यांना एवढंच आव्हान आहे. चित्रावरून काढलेलं तीव्रतेचं एक तरी माप तपासणीशी न ताडता खरं ठरवून दाखवा. ते जमेपर्यंत चित्राने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं. न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याला बसवू नका.